तुलना मावशी

आमच्या मावशीला गल्लीत 'तुलना मावशी' म्हणतात. एका संस्थेने गरिबांना शिलाई मशीन द्यायला चिठ्ठ्या टाकल्या. शेजारी राहणाऱ्या जावेला मशीन मिळालं. मावशीचं घर मशीन न देता नुसतं तुलनेसाठी ठेवलं. तुलना कसली, डोंबल! तेव्हापासून संस्थेची मुलगी येऊन विचारते, "काल किती वेळा जेवलात?"

परवा धुणीभांडी आटपून खोकत आलेली मावशी भडकली. "अगं, विचारपूस करून पोट भरतं का? मलाही द्या ना मशीन!"

"मावशी, तुम्हालाही दिलं तर मशीनमुळे गरिबी हटते का, हे कळणार कसं?"

मावशी खोकत म्हणाली, "म्हणजे मी जितकी खंगेन, तितकं जावेचं मशीन गुणाचं ठरणार."

मुलीने मान खाली घालून पुढचा प्रश्न विचारला, "तब्येत कशी आहे?"