सुकेळी कुणी बिघडवली

ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली. विषय जवळ आला की समीकरणाकडे वळायचो; शिक्षकाला ती पळवाट नेहमीच उघडी असते. आता आमच्या गावी, उमेळ्यात, राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांसाठी लिहून ठेवतो आहे.

कॅनडाला निघालो त्या सकाळी आमच्या अंगणात अर्धं गाव जमलं होतं. लांब जाणाऱ्याच्या हाती सुकेळी द्यायची, ही आमच्या घरांतली रीत. उन्हात वाळवलेली राजेळी केळी, सुक्या पानांत बांधलेली. काकूंनी दिली, शेजारणींनी दिली. आमच्या घरची मात्र नव्हती. माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, जिच्या हातची सुकेळी लोक मागून न्यायचे, ती दाराशी रिकाम्या हातांनी उभी होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला केळ्यांना हात लावायला बंदी केली होती. ती बंदी माझ्यामुळे होती. हे फक्त तिला आणि मला ठाऊक होतं.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होतो. आंशिक विकलक समीकरणांचा, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्सचा, पहिलाच अभ्यासक्रम होता आणि तो पार डोक्यावरून जात होता. जागेप्रमाणेही बदलणारी आणि वेळेप्रमाणेही बदलणारी गोष्ट एकाच ओळीत कशी पकडायची, ते उमजत नव्हतं. परीक्षा तोंडावर आलेली. आबांचं एकच वाक्य असायचं, "मल्याचं काम बिघडलं त कालेज बंद."

एके दिवशी अंगणात सुकेळीची केळी वाळत घातलेली असतानाच वहिनीच्या मुलाला ताप भरला. त्याला डॉक्टरकडे नेताना ती म्हणाली, "भावजी, ऊन चढलं का केळी सावलीत घ्या आनि सांजेला झाकून ठेवा. उद्या परत उन्हात. घाई नका करू, रुसतात ती."

कावळे हाकत पुस्तक वाचता येईना. मग मला शक्कल सुचली. गोठ्यावरच्या तापलेल्या पत्र्यांवर सगळी केळी पसरली. संध्याकाळपर्यंत ती तपकिरी, कडक, हाताला कोरडी लागू लागली. मी खुशीत पुडकी बांधली आणि पुस्तक उघडलं. वहिनी दमून आली, तिनं बांधलेली पुडकी पाहिली. "आटपली पन? चांगलेच हुशार हो तुम्ही," एवढंच म्हणून ती पोराजवळ गेली. काही दिवसांनी आबा ती पुडकी माझ्या बहिणीच्या सासरी, लग्नघरी घेऊन गेले.

तिथं पाहुण्यांसमोर ती सोडली तेव्हा आंबूस वास सुटला. वरून कातडं झालेलं, आत चिकट ओलं. आबा परतले ते अंगणातूनच ओरडत, "कोनी केली ही?"

मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. तोंड उघडणारच होतो, असं मी स्वतःला पुढे पुष्कळदा सांगितलं. पण आतून वहिनी आली. "मी केली, आबा. पोराच्या तापानं ध्यान नव्हतं."

"मग आजपासनं केल्यांना हात लावायचा नाय," आबा म्हणाले. मी पान उलटलं.

पुढच्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर विसरणाचं, म्हणजे डिफ्यूजनचं, समीकरण लिहिलं. म्हणाले, "समीकरण सगळ्यांचं एकच असतं. सुरुवातीला काय होतं आणि कडेला काय चाललंय, त्यावर उत्तर ठरतं." आणि मला केळं दिसलं. कडेचं पाणी मी इतक्या झपाट्यानं उडवलं, की आतलं पाणी कडेपर्यंत पोचण्याआधीच वर कवच बसलं. रात्री झाकायचं ते आतल्या ओलीला बाहेर यायला सवड मिळावी म्हणून. त्या तासाला जे कळलं त्यावर माझं सगळं आयुष्य उभं राहिलं. कॅनडाच्या शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत मी हेच उदाहरण दिलं. फक्त, चूक कुणाची विचारलं तेव्हा "माझ्या वहिनीची" म्हणालो. मंडळी हसली. मला जागा मिळाली.

मग इथं शिकवायला लागल्यावर दरवर्षी पहिल्या तासाला तीच गोष्ट. बर्फ पडत असलेल्या गावात, केळीचं झाड न पाहिलेल्या मुलांना उमेळ्याची एक घायकुती बाई पाठ झाली. पुढे माझ्या पुस्तकातही ती गेली.

आता आमच्या वाडीच्या जागी इमारत आहे. पुतण्याची मुलगी ऋचा तिथल्याच फ्लॅटमध्ये राहते आणि कॉलेजात हाच विषय शिकते. तिनं पुस्तक वाचून व्हिडिओ कॉल लावला. "आजोबा, ही घाई करणारी बाई म्हणजे आपली आजी? सो फनी!" मागून वहिनीनं फोन ओढून घेतला. "भावजी, मला पुस्तकात घातलं म्हने! तुमची चूक माझ्या नावावर बरी चालली की!" आणि ती खळखळून हसली. ऋचाला वाटलं, आजी गंमत करते आहे.

आजीनं सुकेळी करून दाखवावी म्हणून ऋचा मागे लागली होती. वहिनी म्हणाली, "नको गं, हात मोडला माझा त्यातला." आबा जाऊन किती काळ लोटला होता. बंदी उठवायला कुणी उरलं नव्हतं, एक मी सोडून.

घर म्हणजे काय, असं इथली मुलं मला विचारतात. वाडी गेली, ओटा गेला, तरी मी घर असलेला माणूस आहे, कारण एका बाईनं मला बाहेर पडू दिलं आणि ते उपकार कधी बोलून दाखवले नाहीत. माझी पदवी, माझी नोकरी, माझ्या लेकरांचं इथलं सुख, सगळं तिच्या त्या एका वाक्यावर तरलं. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत आता "लेखकाची चूक" असं छापलं आहे. ते पाहायला वहिनी नाही. ती याच वर्षी गेली.

त्याआधी आमचं शेवटचं बोलणं झालं, तेव्हा मी ठरवून फोन केला होता. म्हटलं, "वहिनी, एक सांगायचं होतं."

"सांगा की," ती म्हणाली. "आज आवाज अगदी साफ येतो तुमचा."

मी विचारलं, "गुडघा कसा आहे?"