रंकाळ्याची भरती

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात बसून भरतीची वाट पाहणारी जगातली पहिली बाई मी आहे. दुसरी अजून झालेली नाही.

ही हकिकत आमच्याकडे प्रत्येक सणाला सांगितली जाते आणि सांगणारा बदलला की तलाव बदलतो. सून सांगते तेव्हा तो डबक्याएवढा असतो, तिचे वडील सांगतात तेव्हा थेट अरबी समुद्र! म्हणून म्हटलं, जिचं हसं झालं तिनेच एकदा नीट लिहून टाकावं. (आता माझं वय असं आहे, की जुन्या मूर्खपणाचा मला चक्क अभिमान वाटायला लागलाय.)

आमचं घर रत्नागिरीत, खाडीच्या कडेला. आमचे हे तांडेल, म्हणजे मच्छीमार बोट यांच्या हुकमावर चालायची. मी बंदरावर मासळी विकायची. आमचा दिनू इंजिनिअर व्हायला कोल्हापूरला गेला, झालाही, पण परीक्षेबरोबर स्नेहल नावाच्या मुलीच्या प्रेमातही पास झाला. तिच्या वडिलांकडे, आबासाहेबांकडे, ऊस आणि म्हशी. त्यांनी दिनूला सरळ सांगितलं, "पोरगा चांगला हाईस. पर पोरगी खाली कोकणात, पाण्याच्या कडंला द्यायला माझं मन घेत न्हाई. आईबापाला घिऊन ये. मान्सं बघतो, मग ठरिवतो."

माणसं बघतो म्हणे! म्हणजे परीक्षा आमची होती. निघायच्या आदल्या दिवशी दिनूने हात जोडले.

"आये, एकच कर. तिकडे गेल्यावर रत्नागिरीची फुशारकी मारू नको."

"मी? मी कधी मारली रे मेल्या?"

हे खिडकीकडे बघून खोकले. (आमच्या घरात यांचा खोकला म्हणजे मत असतं.)

वादळात बोटीवर ताठ उभा राहणारा हा माणूस आंबा घाटाच्या तिसऱ्या वळणाला आडवा झाला. कोल्हापूर येईपर्यंत नाकाशी लिंबू, डोळ्यांवर पंचा. एसटीतून उतरल्या उतरल्या आबासाहेबांनी विचारलं, "पाव्हणं, बरं हाय न्हवं?" यांनी लिंबू वर करून दाखवलं. बोलणं संपलं. म्हणजे घराण्याची अब्रू एकट्या माझ्या जिभेवर!

आबासाहेब म्हणाले, "बोलणी सांजच्याला. आदी आमचं कोल्हापूर बघा की." आणि जीपमध्ये घालून आम्हाला फिरवायला काढलं.

अंबाबाईसमोर मी गप्प होते. देवीला रत्नागिरीचं काय सांगायचं, तिला माहीतच असतं. पण तिथून राजवाड्यात गेलो. काय तो थाट! तलवारी, पालख्या, पेंढा भरलेला वाघ. आबासाहेब मिशीवर हात फिरवत म्हणाले, "कसा हाय वाडा?"

मी म्हटलं, "छान आहे. आमच्याकडेही आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा. इतक्या लांबून आला तो, आणि मरेपर्यंत रत्नागिरी सोडली नाही!"

"एवढं आवडलं व्हतं त्येला?"

मागून दिनू पुटपुटला, "इंग्रजांनी कैद करून ठेवला होता त्याला."

"म्हंजे तुमचा राजवाडा ह्यो तुरुंगच की वो!" आबासाहेब इतके हसले, की काचेतला वाघसुद्धा हलल्यासारखा वाटला.

झालं! माझ्यातली रत्नागिरी पेटली. कुस्तीच्या मैदानात त्यांनी सांगितलं, "हितं हजारोंनी मान्सं बसत्यात, आन् कुठनंबी कुस्ती दिसत्या." मी म्हटलं, "आमच्या बंदरावर मासळीच्या लिलावाला या. कुस्ती रोज, आणि तिकीट नाही!" दिनूने माझा पाय दाबला. तांबड्या रश्श्याला मी म्हटलं, आमच्या तिरफळाच्या आमटीपुढे जरा सपकच. दिनूने पाय पुन्हा दाबला. स्नेहलचा चेहरा उतरत चालला होता आणि आबासाहेब आता वाक्याऐवजी नुसते "हूं" म्हणत होते. पोराचं लग्न माझ्या तोंडामुळे बुडतंय, हे मला दिसत होतं. पण तोंड माझं असलं तरी ते माझं कधी ऐकतं थोडंच!

संध्याकाळी रंकाळ्यावर आलो. स्नेहलची आई (त्यांना मी वहिनी म्हणत होते) कौतुकाने म्हणाल्या, "किती मोठं तळं हाय न्हवं?"

आणि मी म्हटलं, "आमच्याकडे याला पाणी साचलंय म्हणतात."

काठावर भेळवाल्याचा हातसुद्धा थांबला. आबासाहेबांचे कान तांबड्या रश्श्याच्या रंगाचे झाले.

"मग चला की ताई, बसू बोटीत. बघू तरी दर्याची मान्सं बोट कशी चालिवत्यात!"

"अवो, तुमाला पवायला येत न्हाई!" वहिनी म्हणाल्या.

"जाकीट हाय की. गप बस."

बोट म्हणजे पांढरा हंस, पायाने पॅडल मारायचे. यांनी बाकावर अंग टाकून जाहीर केलं, "आज मी हलणाऱ्या कशावर बसणार नाय." दिनू आणि स्नेहल काठावर राहिले, त्यांना आमच्यापेक्षा एकमेकांत जास्त रस होता. पुढे मी आणि आबासाहेब, मागे वहिनी, तिघांच्या अंगात नारिंगी जाकिटं. सुकाणू अर्थातच माझ्या हातात! बोटवाला ओरडला, "मावशी, त्या तरंगत्या पिंपांच्या पल्याड जाऊ नगा, तिकडं केंदाळ हाय!"

केंदाळ म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पण विचारायचं कसं? मी दर्याची बाई!

केंदाळ म्हणजे पाण्यावर वाढणारी हिरवीगार चटई, हे पिंपांच्या पल्याड गेल्यावर कळलं. पॅडलला वेलींचा विळखा बसला, हंस एकदा गचकला आणि थांबला. आबासाहेबांनी पाय मारून पाहिले. ढिम्म. त्यांनी हंसाच्या मानेला मिठी मारली.

"ताई, अडाकली की वो!"

आता ऐका. आमच्या खाडीत बोट अडकली म्हणजे ती गाळात बसलेली असते. तेव्हा कोणी धडपडत नाही. पान खायचं, गप्पा मारायच्या. भरती आली की बोट आपोआप उचलते. जन्मभर हेच बघितलेलं.

"कोणी पाय हलवू नका!" मी हुकूम सोडला. "वहिनी, आज तिथी कुठली?"

"अष्टमी."

"तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाला पूर्ण भरती. आता पाणी चढायला लागलंच असेल. निवांत बसा."

माझा आवाज इतका ठाम होता, की आबासाहेबांनी मान डोलावली. "बघ! हिशेब अस्तोय ह्येचा."

वहिनी चाचरत म्हणाल्या, "पर मी हितंच ल्हानाची मोठी झाले. रंकाळ्याला भरती आल्याली कंदी ऐकली न्हाई."

"तू तळ्याकडं बघितलंस कवा? भेळंकडंच बघत बसलीस!"

आणि त्यांनी हंसाच्या पोटावर पाण्याच्या रेघेशी नखाने खूण केली. मी पिशवीतून रत्नागिरीचे काजू काढले. जरा वेळाने आबासाहेब आनंदाने ओरडले, "ताई, बोटभर चढलं पाणी!"

"तुमी वाकलायसा म्हणून," वहिनी म्हणाल्या.

तलावाशेजारचा दगडी नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो म्हणे. त्या संध्याकाळी शर्यत लावली असती, तर तोच जिंकला असता! आम्हाला सोडवायलाही कोणी येईना, कारण काठावरून आम्ही मजेत काजू खाताना दिसत होतो.

काजू संपत आले तसा आबासाहेबांचा आवाज उतरला. "ताई, खरं सांगू? माझा कोकणावर राग न्हाई. मला पाण्याचं भ्या वाटतंय. पोरगी बी माझ्यावानीच. उद्या दिनू दर्यावर गेला, आन् वारं सुटलं, तर तिनं काय करायचं?"

त्या प्रश्नाला रत्नागिरीची कुठलीच फुशारकी पुरणार नव्हती. मग मी खरं तेच बोलले.

"आबासाहेब, दर्यावर जातात ते हे. मी धक्क्यावर. आमच्यात बायका बोटीवर जात नाहीत. खाडी ओलांडायला तरीच्या होडीत बसले असेन तेवढंच. सुकाणू आज पहिल्यांदा धरलं."

"आँ?"

"आणि पोहता मलाही येत नाही."

"आई अंबाबाई!" मागून वहिनी.

"वारं सुटलं की मी अजून भिते. यांची बोट दिसेपर्यंत घास गिळत नाही. स्नेहल आली तर दोघी मिळून भिऊ, मला तेवढीच सोबत होईल! पण तिच्यावर ती वेळ यायची नाही. आमच्या दिनूला बोट लागते. बापाला घाट, लेकाला दर्या. खाडीचं तोंड आलं की ओकायला सुरुवात! तो कारखान्यातच काम करणार, जमिनीवर."

आबासाहेबांनी हंसाची मान सोडली. "ह्ये त्येनं आदी का न्हाई सांगितलं?"

"तांडेलाचा मुलगा ना! लाज वाटते त्याला."

आबासाहेब हळूहळू हसायला लागले. मग वहिनी. मग मी. हंस गदगदा हलायला लागला, पण जागचा सुटला नाही. सहा वाजले. पाणी नखाच्या खुणेला होतं तिथंच होतं.

तेवढ्यात बाकावर हे जागे झाले आणि अडकलेल्या बोटीत मी निवांत बसलेली बघून काय ते समजले. घरात ज्या माणसाचा नुसता खोकला ऐकू यायचा, त्याचा बोटीवरचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. सगळ्या रंकाळ्याने ऐकला!

"अगोऽऽ! तळ्याला भरती नसते गोऽऽ! पाय उलटे माराऽऽ!"

आम्ही पॅडल उलटे मारले. विळखा एका झटक्यात सुटला. (इतकं सोपं होतं!) आणि भेळ खाणाऱ्या तमाम कोल्हापूरच्या टाळ्यांत आमचा हंस शेपटीच्या बाजूने काठाला लागला.

दिनूने तोंड झाकून घेतलं होतं. आबासाहेब उतरले, सरळ यांच्यापाशी गेले आणि यांच्या हातातलं लिंबू काढून हात हातात घेतला.

"पाव्हणं, पोरगी दिली! पर एक अट. ताईंना परत सुकाणू द्यायचं न्हाई."

"बोटीतलं नाय देणार," हे म्हणाले. "घरातलं माझ्या हातात नाय."

आता स्नेहल खाडीत मजेत पोहते, दिनू काठावर टॉवेल घेऊन उभा असतो. आबासाहेब दरवर्षी येतात, घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून "लई खोल हाय" म्हणतात आणि मधूनच फोन करून विचारतात, "ताई, आज अष्टमी. चढलं का पाणी?"

गेल्या दिवाळीत नात ओवीला घेऊन आम्ही सगळे पुन्हा रंकाळ्यावर गेलो. तिने हंसाकडे बघून डोळे मिचकावत विचारलं, "आजी, आज भरती कितीला?"

"वेडे, तळ्याला कुठे भरती असते!" मी ऐटीत म्हटलं.

पण खरं सांगायचं, तर तोवर पदराआड माझी बोटं मोजून मोकळी झाली होती. पंचमी, म्हणजे पावणेचार!