शाईचे हात

नवं कार्ट्रिज मी कधी विकत घेतलंच नाही. प्रिंटर घरी आला तेव्हा त्याच्या पोटात जे होतं तेवढंच. ते संपल्यावर दुकानदाराने नव्याची किंमत सांगितली आणि मला वाटलं, हा चुकून पुन्हा प्रिंटरचीच किंमत सांगतोय. म्हटलं, राहू दे, आमचं आम्ही भरू.

शाईच्या बाटल्या म्हापशाच्या बाजारात मिळाल्या. सिरिंजसाठी पेडण्यात फार्मसीत गेले. नशा करणाऱ्या पर्यटकांचं हरमल इतकं जवळ असताना औषधाच्या चिठ्ठीशिवाय सिरिंज मागणाऱ्याकडे फार्मसीवाला ज्या नजरेने बघतो, त्याच नजरेने त्याने माझ्याकडे बघितलं. “प्रिंटरला टोचायची आहे” म्हटल्यावर तर तो आणखीच गंभीर झाला.

पार्शातल्या आमच्या घरी मी टायपिंगची कामं करायची. बोलायचं कोंकणी आणि कागद करायचे मराठीत, ही आमच्याकडची रीत. देवळाच्या पत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, पोरांच्या शाळेचे प्रकल्प, कामाला काही तोटा नव्हता. कार्ट्रिज सारखं रिकामं व्हायचं. मग सोप्यावर जुना पेपर पसरायचा, कार्ट्रिजवरचा कागद सोलायचा, खालच्या बारीक भोकात सुई घालायची आणि थेंबथेंब शाई सोडायची. घाई केली की एक रंग शेजारच्या खणात घुसतो आणि मग आंबेसुद्धा जांभळे छापून येतात. दोन्ही हातांची बोटं कायम रंगलेली. साबणाने जात नाही, लिंबानेही जात नाही.

सासरे समोर आरामखुर्चीत बसून सगळं बघायचे. “ह्याच हातांनी आता जेवण वाडतली?” असं दर वेळी विचारायचे आणि दर वेळी मुकाट जेवायचे. मला राग यायचा. बोटं काय मी हौसेने रंगवत होते?

आमच्या घरात चतुर्थीला मातीची मूर्ती येत नाही. पूर्वज जुन्या काबिजादीतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकून पूजाअर्चा बंद पाडलेल्या मुलखातून, लपतछपत इकडे आले, तेव्हा देव कागदावर काढून पुजायचे. पकडायला कोणी आलंच तर कागद घडी करून लपवता येतो. भीती गेली, पोर्तुगीजही गेले, पण कागदाचा गणपती राहिला. तयेच्या दिवशी, म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी, घरातल्या कर्त्याने उपाशी राहून तो हाताने काढायचा, दुसऱ्या दिवशी पुजायचा आणि मग व्हाळाच्या वाहत्या पाण्यात सोडायचा. दर वर्षी नवा. सासरे लहानपणी वडिलांशेजारी बसून शिकले होते. माझ्या नवऱ्याला मात्र चित्रकलेचं वावडं. त्याने काढलेला उंदीर आणि हत्ती ओळखायला खाली नाव लिहावं लागतं.

त्या वर्षी पावसाळ्याआधी सासऱ्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालायला लागले, बोलायला लागले, पण उजव्या हाताचं कापणं काही गेलं नाही. तयेच्या सकाळी आंघोळ करून ते पाटावर बसले. पेन्सिल टेकवली, सोंडेची रेघ भलतीकडेच गेली. त्यांनी कागद बदलला. पुन्हा तेच. मग कागद पालथा ठेवून म्हणाले, “औंदा बाजारातलो हाड. मातयेचो.”

नवरा “आणतो” म्हणून चप्पल शोधायला लागला. सासऱ्यांचा चेहरा मला बघवेना. इतक्या पिढ्या चाललेली गोष्ट आपल्या हातात येऊन थांबली, हे त्यांना लागलं होतं. त्यांच्याशी माझं रोज वाजायचं, तरी त्या क्षणी मला फार वाईट वाटलं.

गेल्या वर्षीच्या पूजेचा फोटो कॉम्प्युटरमध्ये होता. मी म्हटलं, “बाबा, मी छापून काढते.”

“मशिनीचो गणपती पुजूचो?” ते म्हणाले. पण नको असं काही म्हणाले नाहीत.

मी कार्ट्रिज भरलं, जाड कागद लावला. प्रिंटर खरडत राहिला आणि कागद बाहेर आला. गुलाबी शाई उतरलीच नव्हती. निळी नावापुरती. फिकट पिवळ्या रेघांचा, जेमतेम दिसणारा गणपती.

“ह्याला कावीळ झाली,” नवरा म्हणाला. मी कागद चुरगळणार, तेवढ्यात सासऱ्यांनी हात पुढे केला.

त्यांनी तो खिडकीशी धरून बघितला. “रेगो आसत,” म्हणाले. “माजो कुंचलो हाड गो.”

खाली रेघ असल्यावर कापणाऱ्या हातालाही वाट सापडते. रंग इकडेतिकडे गेला, पण फार नाही. सोवळ्यासाठी त्यांच्या पेटीतला तांबडा रंग वाळून खडा झालेला. मी माझी गुलाबी शाईची बाटली पुढे केली. त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं आणि कुंचला बुडवला. दुपारपर्यंत सोंड, पोट, मोदक सगळं भरलं. उरले डोळे.

डोळ्यांसाठी त्यांनी कुंचला तीनदा टेकवायला नेला आणि तीनदा मागे घेतला. मग तो माझ्यापुढे धरला. “तू काड.”

“मी? मला चित्र कुठं येतं?”

“हांव रोज पळयतां. सुई घालताना तुजो हात हालना.” कुंचला माझ्या हातात देत म्हणाले, “आणि उपाशी तूय आसस.”

तयेचा, म्हणजे हरतालिकेचा, उपास तर होताच. माझ्या बोटांवर कार्ट्रिजची शाई तशीच होती. मी विचारलं, “हे हात चालतील?” त्यांनी पाट थोडा माझ्याकडे सरकवला. मी कुंचला सुईसारखा धरला, श्वास रोखला आणि काळा थेंब टेकवला. मग दुसरा.

दीड दिवसाने व्हाळावर गेलो. कागद पाण्यात गेला आणि आधी माझीच शाई सुटली, गुलाबी. सासरे कागद दिसेनासा होईपर्यंत काठावर उभे होते. परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. तो कापत होता ते मला जाणवत होतं.

घराच्या पायरीशी थांबून म्हणाले, “फुडल्या वर्सा मशीन नाका.”

“मग?”

“कोरो कागद हाड. रेगो कशो घालतत ते तुका दाखयतां.”