राखीव शीट

पहिल्याच मासिक सभेत मी सरपंचाच्या खुर्चीत जेमतेम टेकले होते. आप्पा आत आले. माजी सरपंच, आता सदस्य. माझ्यासमोर येऊन म्हणाले, "उठा बाई. शीट तुमच्या नावावर पडली म्हंजी खुर्चीत बसायचं आसं न्हाई. तिकडं सतरंजीवर बसा. सहीला बोलवतो."

मी उठले. याचाच मला अजून राग येतो. ग्रामसेवक रजिस्टर चाळत राहिले, बाकीचे सदस्य मोबाईलमध्ये शिरले.

शीट हा शब्द मला लहानपणापासून छळतोय. वडील शिरूर-चौफुला रोडला दुसऱ्याची वडापची जीप चालवायचे. त्यांच्या तोंडी माणूस म्हणजे शीट. "अजून दोन शीट आल्या की निघू." मी पुढे बसलेली असले की हेच आप्पा दार उघडून नुसते उभे राहायचे. वडीलच घाईने म्हणायचे, "ऊठ गं पोरी, आप्पांची शीट हाय." मग मी मागे, दांड्याला धरून, वरवंडच्या आत्याकडे उभ्याने जायची.

पुढे कंपनीत हाऊसकीपिंगला लागले. तिथे शीट म्हणजे संडासची. सुपरवायझर विचारायचा, "कितनी सीट हुई?" मी सांगायची, चौदा. साहेब लोकांच्या त्या शीटा घासून माझ्या हाताची सालं निघाली.

मग सोडत निघाली आणि सरपंचाची शीट राखीव पडली. आमच्या जातीला, तीही बाईसाठी. आप्पांना आमच्या वस्तीतली मुकी बाई हवी होती. त्यांनी मला निवडलं. तिथेच चुकले.

दुसऱ्या सभेत शिपायाने सतरंजीवर सहीसाठी रजिस्टर आणून ठेवलं. ठराव आधीच लिहिलेला. मी वाचला. वस्तीवरच्या संडासाच्या आठ शीटा रद्द, त्याऐवजी आप्पांच्या मळ्याकडे रस्ता. माझी आई या वयात गुडघे धरत घोड नदीच्या काठाला जाते. जगाच्या शीटा मी धुतल्या, आणि तिच्या शीटेवर माझ्याच सहीने काट मारायची?

पेनाचं टोपण लावलं. उठले. खुर्चीपाशी गेले.

"उठा आप्पा. माझी शीट हाय."

"शीट आम्ही दिली तुला! इसरली का?"

"मग सही पण तुम्हीच करा."

ग्रामसेवक पुटपुटले, "आप्पा, सरपंचांच्या सहीबिगर ठराव पुढं जात न्हाई."

ते उठले. कानापर्यंत लाल. खुर्ची त्यांच्या अंगाने गरम झालेली होती. मी बसले.

वस्तीवर आता पाया खणलाय. आप्पा कामाला आले की मी त्यांना बसा म्हणत नाही. उभ्याने बोलतात. बायका म्हणतात, झालं गेलं सोड आता. का सोडू? मला त्यात गोडी वाटते.

माझी मुदत संपेल. कधीतरी शीट ओपन पडेल, आणि आप्पा कडक इस्त्री करून फॉर्म भरायला येतील. त्यांच्या आधी माझा फॉर्म असेल. आयुष्यभर त्यांनी मला शीटेवरून उठवून उभं केलं. आता त्यांच्याच समोर, ओपनच्या शीटेला, मी माझ्या मनाने उभी राहणार आहे. आणि त्यांना पाडणार आहे.