पोटावर पड

लेकीची कुस्ती पाहायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिचं कॉलेज संपायला तीन महिने उरले होते. आधी सवड मिळाली नाही असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे मॅटवरची कुस्ती मला कुस्ती वाटतच नव्हती. मी निपाणीकडच्या तालमीत लाल मातीत वाढलेला. पुढं पोटासाठी बेंगळुरूला आलो, तिथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीत लेथवर वीस वर्षं काढली, पण डोक्यातली माती काही गेली नाही. लेक लहान असताना घरात गादी अंथरून पहिले डाव मीच तिला शिकवले. अडचणीत आलीस की पोटावर पड, हे रोजचं सांगणं. मातीत पाठ टेकली तरच हार. पोटावर घट्ट पडून राहिलेल्याला चीत करताना भल्याभल्यांना घाम फुटतो.

यशवंतपूरजवळच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये त्या दिवशी निवड होती. ही एक कुस्ती जिंकली तर विद्यापीठाच्या संघात जागा, हरली तर खेळ इथंच संपला, कारण शेवटचं वर्ष. पुढं नोकरी बघायची हे घरात ठरलेलं होतं. आत जाताना ती म्हणाली, “आप्पा, आलात ते सरी, बरं झालं, पण वरनं काही सांगू नका.”

मी हं म्हणालो. माझं हं म्हणजे काय, ते तिच्या आईला विचारावं.

शेजारी एक कन्नड गृहस्थ बसले होते. त्यांचा मुलगा आधीच हरून मोकळा झाला होता, त्यामुळं मला शिकवायला त्यांना वेळच वेळ. इथं गुण मोजतात, ते सांगत होते. खाली पाडून मागून ताबा घेतला की दोन गुण, पाठ टेको न टेको. मी मान डोलवत राहिलो आणि एक अक्षर आत घेतलं नाही. मला कुस्ती सांगणारे हे कोण, असं वाटून माझं डोकं तापलं होतं.

समोरची पोर धारवाडकडची, खांद्यांनी रुंद. पण माझी चपळ. फळ्यावर चार-तीन, माझी पुढं. मी समोरच्या खुर्चीची पाठ धरून बसलो होतो. शेवटची वीस सेकंदं राहिली आणि त्या पोरीनं खाली वाकून हिचा डावा पाय पकडला. ही एका पायावर नाचत मागं मागं सरकायला लागली.

“निल्लु, निल्लु,” हिचे प्रशिक्षक कोपऱ्यातून ओरडत होते. उभी राहा, पडू नकोस. तिनं दुसरीची मान दाबून धरली होती आणि ती तगली असती, असं आज मला वाटतं. मी मात्र उभा राहिलो होतो.

“अण्णा, स्वल्प कूतकोळ्री,” जरा बसा, म्हणत शेजाऱ्यांनी माझा शर्ट ओढला.

“पोटावर पड! पोटावर!”

अख्ख्या हॉलमध्ये मराठी तेवढी माझीच होती. आणि ती पडली. कोपरं अंगाशी, हनुवटी छातीला, अगदी शिकवलं तशी. क्षणभर मला केवढा आनंद झाला. दुसरीनं पाठीवर झेप घेऊन कंबर आवळली, पंचांनी दोन बोटं वर केली आणि वेळ संपली. पाच-चार, धारवाडची पुढं.

“पाठ कुठं टेकली?” मी शेजाऱ्यांना विचारलं. त्यांनी फळ्याकडं बोट केलं. मग मला कळलं.

मी पायऱ्या उतरून खाली गेलो तेव्हा प्रशिक्षक तिला विचारत होते, खाली का गेलीस, कुणी सांगितलं?

“कुणी नाही, सर. माझीच चूक,” ती कन्नडात म्हणाली. मी चार हातांवर उभा आहे हे तिला दिसत होतं.

“नानु हेळिद्दु, सर,” मी म्हणालो. मीच सांगितलं.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “तीन वर्षं मी या कोपऱ्यातून ओरडतोय. इतक्या पटकन तिनं माझं कधीच ऐकलं नाही.”

ती बुटाच्या नाड्या सोडत होती.