ओला भुसा

पोल्ट्रीजवळून जाताना ओल्या भुशाचा वास आला, की राहात्याकडच्या आमच्या फार्मसी कॉलेजातलं अ‍ॅनिमल हाऊस आठवतं. तिथे मी पांढऱ्या उंदरांवर नैराश्याचं एक औषध तपासत होते. शरीरातल्या ताणाच्या हार्मोनला अडवणारं. त्यासाठी उंदीर आधी उदास व्हायला हवेत, म्हणून संध्याकाळी पिंजऱ्यात त्यांच्याखाली अंथरलेला भुसा मुद्दाम भिजवून मी घरी जायची. सकाळी येईपर्यंत पिंजरे साफ झालेले असायचे. उदास उंदीर साखरेचं पाणी पिईनासा होतो, माझे मात्र बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करत होते. सर वैतागले, मी रडकुंडीला आले. तेव्हा पिंजरे साफ करणाऱ्या मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, रोज तुमच्या हातून पानी सांडतंय. तुमी गेल्या की मी समदं कोरडं घालती. सर तुमाला बोलतील म्हनून कुनाला सांगितलं न्हाई. लई गारठत्यात वो ती." सगळं पहिल्यापासून करावं लागलं. नैराश्याच्या गोळ्या आता मी स्वतःच घेते, गुणही येतो. तरी एखाद्या सकाळी अंथरुणातून उठवत नाही, तेव्हा वाटतं, हिच्या हातून पाणीच सांडलं असेल असं समजून कुणीतरी यावं आणि कुणाला न सांगता कोरडं घालून जावं.