दवंडी गावाकडून

आनंदरावांचा आवाज मोठा, बाकी सगळं बेताचं. उंची बेताची, पगार बेताचा आणि हिंमत तर त्याहून बेताची. भंडारा जिल्ह्यातल्या करडीच्या अलीकडच्या एका गावात ते ग्रामपंचायतीचे चपराशी. सकाळी नळ सोडायचा, दुपारी ऑफिस झाडायचं आणि गावाला काही कळवायचं असलं की सायकलच्या हँडलला भोंगा बांधून गल्लोगल्ली दवंडी द्यायची. हल्ली गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण शुभ सकाळच्या फुलांखाली तिथे कामाचं सगळं गाडलं जातं. आनंदरावांच्या आवाजातून मात्र सुटका नसते.

खासगी दवंडीही ते देत. कुणाची शेळी हरवली, कुणाकडे तलावाचे मासे आले, कुणाच्या दुकानात साड्यांचा सेल लागला, पन्नास रुपये दिले की आनंदराव निघाले. सांगणाऱ्याचा शब्द ते बदलत नसत आणि शेवटी दवंडी कोणाकडून आहे ते न चुकता सांगत. त्यांच्या बापाने छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर गावकीच्या दवंडीचं डफडं वैनगंगेत सोडून दिलं होतं. दुसऱ्याचं बोलणं आता आपल्या तोंडून नाही, असं म्हातारा मरेपर्यंत सांगायचा. आनंदराव स्वतःची समजूत घालत, की भोंगा म्हणजे काही डफडं नव्हे. त्याला बॅटरी आहे, मागे पगार आहे. म्हातारा त्या बॅटरीला काय म्हणाला असता, हा विचार ते होता होईल तो टाळत.

यंदाच्या आषाढात तो टाळता येईना. रोवणी, म्हणजे भाताची लावणी, तोंडावर आली होती. पऱ्ह्यांची कोवळी रोपं वीतभर वर आली होती, बांध्यांत, त्या छोट्या भातखाचरांत, चिखल तयार होता आणि रोवायला बाया मिळत नव्हत्या. नदीपलीकडचा एक शेतकरी रोज सकाळी गाडी पाठवून इथल्या बायांना साडेतीनशे रुपये रोजाने घेऊन जायचा. गावात रोज अडीचशे. ती गाडी भरून द्यायची रत्नमाला, आनंदरावांची बायको. मोहल्ल्यातली बायांची अख्खी टोळी तिच्या शब्दावर चालायची. घरात आनंदरावही चालायचे.

शेवटी शेतकऱ्यांनी बैठक घेतली. सरपंचबाई आल्याच नाहीत, त्यांना पुढच्या वर्षी दोन्हीकडची मतं लागणार होती. बैठक उठल्यावर केशवरावांनी आनंदरावांना ओट्यावर बोलावून घेतलं. केशवराव गावातले मोठे धानवाले. माणूस वाईट नव्हता. रत्नमालाला साप चावला तेव्हा त्यांनीच आपल्या गाडीतून तिला भंडाऱ्याला नेलं होतं. आनंदराव ज्या दोन बांध्या बटईने, अर्ध्या वाट्याने, करत, त्याही त्यांच्याच.

"सांगून दे आनंदराव," केशवराव म्हणाले. "रोवणीचा रोज अडीचशेच. जो जास्ती देईन त्याले दंड. अन् ज्या बाया बाहेरगावी जातीन, त्यायले वरीसभर गावात काम नाही. धुऱ्यावरचं गवतबी कापू द्याचं नाही."

आनंदरावांच्या डोळ्यांसमोर दारातली गाय आली. तिचं सगळं पोट धुऱ्याच्या, शेताच्या बांधावरच्या, गवतावर होतं.

"थोडा रोज वाढवला असता तं..." ते चाचरत म्हणाले.

"कुठून वाढवू? खत महागलं, ट्रॅक्टर महागला, सरकारच्या बोनसचा पत्ता नाही. धानाचा भाव मी ठरवतो का? तूच सांग."

केशवराव बोलत होते ते खोटं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात धानाच्या भावासाठी भंडाऱ्याला मोर्चा गेला तेव्हा हाच भोंगा घेऊन आनंदराव सगळ्यात पुढे होते. "आमच्या घामाचा भाव आम्ही ठरवू," असं ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. मग घाम काय फक्त धानवाल्यालाच येतो? हा प्रश्न डोक्यात आला आणि आनंदराव घाबरले. केशवरावांना तो ऐकू गेला की काय असं त्यांना उगीच वाटलं.

"कोनाकडून म्हनू जी?"

"नाव कायले पाहिजे? गावाकडून म्हन."

आनंदराव निघाले. भोंग्याची बॅटरी मध्येच बंद पडावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण ती त्यांनी कालच रात्रभर चार्जिंगला लावली होती. स्वतःच्या नेकीचा एवढा राग त्यांना कधी आला नव्हता. वरच्या आळीत दवंडी झाली, दुकानापाशी झाली. लोकांनी माना डोलावल्या. राहिला शेवटी त्यांचा स्वतःचा मोहल्ला.

बाया नुकत्याच गाडीतून उतरल्या होत्या. दिवसभर चिखलात राहून पांढरे पडलेले पाय धुऊन विहाराच्या पायरीवर टेकल्या होत्या. रत्नमाला त्यांच्यातच होती. आनंदरावांनी तिच्याकडे न बघता बटण दाबलं आणि अक्षरही न गाळता सगळं सांगितलं. दंड, काम बंद, गवत बंद. शेवटचं "गावाकडून" मात्र भोंग्यातूनही बारीक निघालं.

टोळीतली सगळ्यात म्हातारी वच्छलाबाई म्हणाली, "अन् आमी कोन्या गावच्या रे बाबू?"

दोघीतिघी हसल्या. रत्नमाला हसली नाही. ती भडकेल याची आनंदरावांनी तयारी ठेवली होती. पण ती उठून घरात गेली, पन्नासाची नोट घेऊन आली आणि सायकलच्या कॅरिअरच्या चापाखाली अडकवली.

"आमचीबी दवंडी द्या."

"येडी झाली का तू?"

"शेळीवाल्याची देता, साडीवाल्याची देता. आमची काहून नाही?"

"मजकूर?" आनंदरावांच्या तोंडून सवयीने निघून गेलं. निघालं आणि त्यांनी जीभ चावली.

"रोवणीचा रोज साडेतीनशे. जो देईन त्याच्या बांधीत गावातल्या बाया पयले उतरतीन, बाहेरची गाडी वापस पाठवतीन. ज्याले देनं नाही, त्यानं आपल्या हातानं रोवावं."

आनंदराव सायकल सोडून तिच्याजवळ गेले. "रतन, त्या दोन बांध्या जातीन आपल्या. पऱ्हे तयार हायेत."

"मले मालूम हाये. ते पऱ्हे मीच टाकले." तिचा आवाज एकदम खाली आला. "मलेबी भेव लागून राहिलं जी. पन मी भेवून घरी बसली, तं ह्या समद्या बसतीन."

पायरीवरच्या बाया त्या दोघांकडे बघत होत्या. आनंदराव परत सायकलपाशी गेले.

"कोनाकडून म्हनू?"

"आता कोनाकडून म्हनलं तुमी?"

"गावाकडून."

"मंग हेबी गावाकडूनच."

वरच्या आळीपर्यंतचा रस्ता रोजचाच, पण आनंदरावांना तो कधी संपूच नये असं वाटत होतं. केशवरावांच्या घरापुढे हळूच बोलून पुढे सटकावं, दोन शब्द मऊ करावेत, निदान ते हातानं रोवायचं तरी गाळावं, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण शब्द त्यांनी कुणाचाच कधी बदलला नव्हता. आज बायकोचा बदलला, तर इतकी वर्षं ज्या नियमाआड ते लपले होते तोही खोटा ठरला असता.

केशवराव ओट्यावर बशीत चहा ओतून बसले होते. आनंदरावांनी सायकल उभी केली, बटण दाबलं आणि सुरुवात केली. रोज साडेतीनशे. पयले गावातल्या बाया. आपल्या हातानं रोवावं. शेजारच्या दारांतून माणसं बाहेर आली. आता शेवटचं एकच राहिलं होतं, दवंडी कोणाकडून ते, आणि तिथे आनंदराव थांबले.

केशवरावांनी बशी खाली ठेवली. ते चिडले नाहीत, उलट समजावणीच्या सुरात बोलले, आणि तेच जास्त भीतीचं होतं.

"रत्नमालाची हाये म्हन ना. बायकोपुढे कोनाचं चालते बाप्पा? तुह्यावर राग नाही धरत मी. बांध्या तुह्याजवळच राहतीन."

वाट मोकळी होती. एक नाव घेतलं की आनंदराव सुटणार होते. नाव खोटंही नव्हतं. त्यांना त्या दोन बांध्या दिसल्या, त्यातला काळा चिखल दिसला, कोपऱ्यातले हिरवेगार पऱ्हे दिसले. आणि पायरीवरचे ते पांढरे पाय दिसले.

केशवराव चार हातांवर होते, तरी आनंदरावांनी हँडलचा भोंगा सोडवून तोंडाशी धरला.

"ही दवंडी गावाकडून," ते म्हणाले.

केशवराव उठून आत गेले. चहा बशीतच राहिला. आनंदरावांना सायकलवर टांग टाकता येईना. पुढची आळी अजून बाकी होती, म्हणून ते सायकल हातात धरून चालत निघाले.